भाव की भरवसा? कोकणातल्या ख्रिस्ती घरांतल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला घासून गेलं, त्या रात्री वेंगुर्ल्याकडे मावशीच्या घरात वीज नव्हती. खुरसापुढे (क्रुसापुढे) मेणबत्ती, तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना चालू, आणि पडवीची कौलं एकेक करून अंगणात. सकाळी शिडी लावणाऱ्या मुलाला ती म्हणाली, "देव आसा रे, पण कौलां आमकाच घालूची लागतली." देवावर टेकून रोजचे दिवस काढणं म्हणजे काय, याची एवढी नेमकी व्याख्या मी प्रवचनात ऐकलेली नाही.

या टेकण्याला म्हणायचं काय, हा मात्र जुना गुंता आहे. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात मराठी बायबलचं जुनं भाषांतर "परमेश्वरावर भाव ठेव" असं सांगतं. अलीकडच्या सोप्या भाषांतरांत तिथे "विश्वास ठेव" आलं. कारण समजण्यासारखं आहे: आजच्या पोराला भाव म्हटलं की बांगड्याचा भाव आठवतो. तरी हा बदल मला महागाचा वाटतो. विश्वास कागदावरच्या सहीवरही ठेवता येतो. भावाला आपलेपणा लागतो, आणि रोज जपला नाही तर तो आटतो. "भाव तेथे देव" म्हणणाऱ्या भाषेत हा शब्द आयता हाती होता, जुन्या भाषांतरकारांनी तो उचलला. त्यात भक्तिपंथाचा वास येतो, ही हरकत आहेच. मला तोच त्याचा गुण वाटतो.

गोव्याच्या बाजूला गुंता आणखी वाढतो. मराठीत विश्वास, आशा, प्रीती म्हणतात, त्याला कोकणीत भावार्थ, भरवंसो आणि मोग. म्हणजे आपला भरवसा तिकडे आशेच्या जागी बसलेला. कोकणीत प्रार्थना शिकलेल्या आणि मराठीत मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, ऐकणाऱ्या सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या माणसाला "भरवसा ठेवा" म्हटलं, की एकाच वेळी दोन गोष्टी ऐकू येतात: देव आहे, आणि उद्या बरं होईल.

मागचा इतिहास थोडक्यात. चौल-वसईत सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेतली, सत्ता गेली, गावं आणि चर्चं राहिली. १६१६ मध्ये गोव्यात एका इंग्रज धर्मगुरूचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, तेही ओवीत. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला उतरले. छापील नवा करार, शाळा, पुस्तकी मराठी हा त्यांच्या काळाचा ठसा. भाव गाण्यात परत आणला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावात १८६१ साली जन्मलेल्या कवीने. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्याने भजनं लिहिली आणि वारकरी चालीतलं बोलणं चर्चमध्ये नेलं.

१९६० च्या दशकातल्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडलं आणि मिस्सा लोकांच्या भाषेत आली. कुठल्या लोकांच्या, हा प्रश्न किनाऱ्यावर अवघड होता. रायगडातल्या कोर्लईत घरात पोर्तुगीजमधून उगवलेली बोली आणि चर्चमध्ये मराठी. सिंधुदुर्गात घरी कोकणी-मालवणी आणि कागदावर पुन्हा मराठीच.

"आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" याला कोकणीत भाकर नाही, गिरास आहे, म्हणजे घास. जून-जुलैत मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी पडवीत, दुकानात उधारी. त्या दोन महिन्यांत भाकरीपेक्षा घास हेच माप खरं वाटतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडात शिरलं तेही जूनच्या तोंडावरच.

मावशी आजही मराठी मिस्सेला बसते. वेदीवरून "आशा" ऐकू आली की ती हळूच "भरवंसो" म्हणते, आणि शेजारचा नातू तिच्याकडे बघतो.