हाइम जॉइंट (ऑफ-रोड गाड्यांच्या स्टेअरिंगमधील)

स्टेअरिंगच्या दांडीच्या टोकाला बसणारा, मधल्या गोळ्याला आरपार भोक असलेला उघडा सांधा. रोझ जॉइंट, रॉड एंड ही त्याचीच नावे. पुढे सलग ॲक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) असलेल्या जिप्सी, जिम्नी किंवा जुन्या जीपची उंची वाढवली की ड्रॅग लिंक, म्हणजे स्टेअरिंगकडून चाकांकडे जाणारी दांडी, तिरकी होते आणि तिच्या टोकाचा कंपनीचा झाकलेला सांधा, टायरॉड एंड, कोनात अडू लागतो. हाइम जॉइंट योग्य स्पेसर (गोळ्याच्या बाजूंना अंतर राखणारे तुकडे) लावल्यास त्याहून जास्त कोनात वळतो, म्हणून हौशी लोक तो बसवतात.

टायरॉड एंडचा गोळा ग्रीसमध्ये बुडालेला आणि रबरी बुटाने झाकलेला असतो. त्याचा निमुळता खुंट आर्मच्या (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या) निमुळत्या भोकात आवळून बसतो, वर खाचांचा नट आणि स्प्लिट पिन. हाइम जॉइंटला सरळ बोल्ट लागतो. त्यासाठी आर्मचे भोक ड्रिलने सरळ केले, की मूळ सांधा पुन्हा तसाच बसत नाही. बोल्टला एकाच बाजूने आधार असेल तर तो वाकण्याची भीती असते. दोन्ही बाजूंनी कान असलेली बैठकच घ्यावी.

टिकाऊपणाचा खरा प्रश्न कोकणात येतो. येथे पोलाद तुटण्याआधी गोळा झिजतो. जांभ्याची लाल माती चिखल होऊन उघड्या सांध्यात शिरते, सुकली की कुरुंदासारखी घासते आणि आतले टेफ्लॉनचे अस्तर खाते. किनाऱ्यावरची खारी हवा क्रोमखालच्या पोलादाला गंज धरवते. एकदा गोळ्यावर खड्डे पडले, की नवे ग्रीस भरून काही साधत नाही. पुळणीवरून आलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुतली तर सांध्याचे आयुष्य वाढते. रबरी झाकण चढवले तर आणखी वाढते.

हे झाकण कायद्यालाही हवे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 98 नुसार स्टेअरिंगच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, बोल्ट-पिना पक्क्या अडकवलेल्या हव्यात आणि स्टेअरिंग चाकाचा प्ले (मोकळी हालचाल) 30 अंशांपेक्षा जास्त नको. शिवाय मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 गाडीतील फेरफारावर बंधन घालते. 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-क प्रमाणे बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेल्या सांध्याच्या जागी त्याच जातीचा नवा घालणे ही दुरुस्ती होय. जात बदलणे, आर्म कोरणे ही वेगळी गोष्ट. तशा गाडीबाबत आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही आधी विचारावे.

केवळ खाणीत किंवा स्पर्धेत चालणाऱ्या गाडीला हाइम जॉइंट शोभतो. आंबोली किंवा कुंभार्ली घाट उतरणाऱ्या गाडीला बूट असलेला जाड टायरॉड एंडच बरा. मृगाआधी एकाने स्टेअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने खाली प्रत्येक सांध्यावर हात ठेवावा. दांडी हलायच्या आधी बोटाला टक् असे जाणवले, तर तो सांधा बदलावा.