विद्यार्थ्यांचं काम फक्त जनजागृती फेरीचं?

वस्त्यांमधल्या पाणी-स्वच्छतेच्या कामात विद्यार्थ्यांनी घोषणा द्याव्यात, फलक रंगवावेत, बाकीचं तज्ज्ञांवर सोडावं, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

कराचीतली ओरंगी वस्ती घ्या. १९८० मध्ये समाजशास्त्रज्ञ अख्तर हमीद खान यांनी तिथे ओरंगी पायलट प्रोजेक्ट सुरू केला आणि रहिवाशांनी स्वखर्चाने गल्लोगल्ली गटारं टाकली. पुढे कराचीच्या वस्त्यांचे नकाशे तयार करण्यात विद्यार्थ्यांनी हातभार लावला. गटारं कुठे आधीच आहेत हे कागदावर दिसलं, की सरकारकडे नेमकं काय मागायचं तेही कळतं.

पाण्याचंही तेच. काचेसारखं दिसणारं पाणी शुद्ध असेलच असं नाही. पुरवठा बंद असताना नळवाहिनीतला दाब उतरतो आणि गळक्या जोडांतून गटाराचं पाणी आत शिरतं. तपासणी सोपी आहे: नमुन्यात डीपीडीची (क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी करणारी) गोळी टाकायची, गुलाबी रंग तक्त्याशी जुळवायचा. जंतू मारण्यासाठी पाण्यात घातलेलं क्लोरीन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमपेक्षा कमी निघालं, तर तक्रार करायला हातात आकडा येतो. शाळकरी मुलंही हे करू शकतात. फक्त नोंदीत कोणता नळ आणि किती वाजता, हे लिहायलाच हवं, कारण पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटं बहुधा सर्वांत गढूळ असतात.