सिराक्यूजचे कॅथेड्रल: अथीनाच्या मंदिराचे चर्च कसे झाले

सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहराचे कॅथेड्रल समोरून पाहिले तर ते अठराव्या शतकातले बरोक, म्हणजे भरगच्च अलंकारिक शैलीचे, चर्च वाटते. बाजूच्या रस्त्याने गेले की भिंतीत अर्धवट चिणलेले जाडजूड डोरिक (साध्या ग्रीक शैलीचे) खांब दिसू लागतात. हे खांब अथीना देवीच्या ग्रीक मंदिराचे आहेत आणि मूळ जागीच उभे आहेत.

इ.स.पूर्व ४८० मध्ये हिमेराच्या लढाईत उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या सत्तेचा पराभव झाला. त्यानंतर सिराक्यूजचा सत्ताधीश गेलोन याने हे मंदिर उभारले. रुंदीला ६ आणि लांबीला १४ खांब असलेल्या या मंदिराचे वैभव आपल्याला कळते ते मुख्यतः रोमन वक्ता सिसेरो याच्यामुळे. सोने आणि हस्तिदंताने मढवलेली दारे, आतल्या भिंतींवर राजा अगाथोक्लीसच्या घोडदळाच्या लढाईची चित्रे, असे वर्णन त्याने केले आहे. इ.स.पूर्व २१२ मध्ये शहर जिंकणाऱ्या रोमन सेनापती मार्सेलसनेही या मंदिराला हात लावला नाही. ते लुटले रोमने नेमलेल्या व्हेरेस या सुभेदाराने, असा सिसेरोचा आरोप होता. म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याच्या कितीतरी आधी हे मंदिर नागवले गेले होते. मंदिराच्या ऱ्हासाचा सगळा दोष चर्चच्या माथी मारणाऱ्यांनी हे विसरू नये.

चौथ्या शतकाच्या अखेरीस सम्राट थिओडोसियसने जुन्या देवतांच्या पूजेवर बंदी घातली. रिकाम्या मंदिरांचे काय करायचे, हा प्रश्न मग साम्राज्यात सगळीकडे उभा राहिला. इ.स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरी यांनी इंग्लंडमधल्या धर्मप्रसारासाठी पाठवलेल्या पत्रात मूर्ती नष्ट करा, पण चांगली बांधलेली मंदिरे पाडू नका, असे कळवले. रोममधले पॅन्थिऑन हे जुने मंदिर ६०९ मध्ये चर्च झाले. सिराक्यूजला हे काम सातव्या शतकात बिशप झोसिमस यांनी केले.

त्यांच्यापुढची अडचण मोठी होती. ग्रीक मंदिराचा गाभारा मूर्तीसाठी असे. वेदी बाहेर आणि बळी, उत्सव, गर्दी सारे उघड्यावर. चर्चमध्ये मात्र सगळा समुदाय छपराखाली जमायला हवा. म्हणून बाहेरच्या खांबांमधल्या मोकळ्या जागा भिंती घालून बंद केल्या आणि गाभाऱ्याच्या भरीव भिंतींत कमानी कोरल्या. गाभारा झाला मधले सभागृह, आणि त्याच्याभोवती फिरण्याची वाट झाली चर्चच्या बाजूच्या ओवऱ्या. मंदिर न पाडता त्याची आत-बाहेरची रचनाच उलटी केली! माझ्या मते प्राचीन वास्तूंच्या पुनर्वापरातली याहून हुशार युक्ती सापडणे कठीण आहे. शिवाय त्या भिंतींनी खांबांना आधारही दिला.

पुढे ८७८ मध्ये अरबांनी शहर घेतले, १०८५ च्या सुमारास नॉर्मन आले. १६९३ च्या भीषण भूकंपात नॉर्मनकालीन दर्शनी भाग कोसळला. आजचा दर्शनी भाग वास्तुकार आंद्रेआ पाल्मा याच्या आराखड्यानुसार अठराव्या शतकात बांधला गेला. आतून मात्र चर्चवर बरोक सजावटीचे थर चढले होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या जीर्णोद्धारात ते बरेचसे काढून ग्रीक दगड उघडे केले. तो निर्णय मला पटतो, पण त्यात बरोक काळाची कितीतरी कारागिरी गेली, हेही मान्य करायला हवे.