पाच नंबर नेमका कशाचा?

फ्लाय फिशिंग म्हणजे गळावर पिसे बांधून केलेली खोटी माशी फेकून मासे धरणे. ते शिकायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला जवळपास सगळीकडे एकच मिळतो: नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड घे. नऊ फूट म्हणजे काय ते कळते. पाच नंबर कशाचा, हे विकणाराही बऱ्याचदा नीट सांगत नाही. तो आकडा रॉडच्या जाडीचा नाही, ताकदीचा नाही, माशाच्या आकाराचाही नाही. तो लाइनच्या, म्हणजे फेकायच्या दोरीच्या, वजनाचा आहे. त्या नंबरच्या लाइनीला जुळणारा रॉड, एवढ्यासाठी तो रॉडवर उसना येऊन बसला आहे. आपल्याकडे कोकणात गरवायला बसणाऱ्याला दोरी वजन करून घ्यावी लागत नाही, कारण तिथे शिसे दोरीला ओढून नेते. इथे उलट आहे. पिसांच्या माशीला वजनच नसल्यामुळे फेकली जाते ती लाइन, माशी तिच्या मागून जाते. म्हणून साहित्याची निवड लाइनपासून सुरू व्हायला हवी, आणि नेमका तिच्याच मापाचा इतिहास सगळ्यांत गुंत्याचा आहे.

जुन्या काळात हा प्रश्न नव्हता. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि पिसे गुंडाळून मासे धरत, असे वर्णन सुमारे १,८०० वर्षांपूर्वीचे आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या एका पुस्तकात बारा माश्या कशा बांधायच्या ते दिले आहे. तेव्हा घोड्याच्या शेपटीच्या केसांची लाइन काठीच्या टोकालाच बांधलेली असे, रीळ नव्हते. पुढे तेल मुरवलेली रेशमी लाइन आली. ती तरंगावी म्हणून चरबी चोळायची, संध्याकाळी पूर्ण उलगडून वाळवायची, नाहीतर कुजायची. रेशमाची घनता सगळीकडे सारखी, त्यामुळे जाडी कळली की वजन कळल्यासारखेच होते. त्यावरून अक्षरे ठरली: ए म्हणजे इंचाचे ६० हजारांश, पुढच्या प्रत्येक अक्षराला पाच हजारांश कमी. ‘एचडीएच’ म्हणजे दोन्ही टोके २५ हजारांश आणि पोट, म्हणजे मधला भाग, ४५. पद्धत किचकट वाटते, पण रेशीम होते तोवर तिने कुणाला फसवले नाही.

रॉडच्या बाबतीत आपला संबंध थेट येतो. एकोणिसाव्या शतकात बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून रॉड करायला सुरुवात झाली, तेव्हा भारतातून जाणाऱ्या बांबूला बंदरावरून ‘कलकत्ता’ म्हणत. नंतर त्याची जागा ‘टॉन्किन’ बांबूने घेतली. नाव व्हिएतनाममधले, वाढतो चीनच्या ग्वांगडाँगमध्ये. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि बांबूचा पुरवठा तुटला. युद्धानंतर हाताशी आलेल्या फायबरग्लासला त्यामुळे मोकळे मैदान मिळाले. १९७०च्या दशकात कार्बन फायबर आले आणि रॉड एकदम हलके झाले.

पण खरा घोळ लाइनमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर रेशीम मागे पडले आणि नायलॉन, डॅक्रॉन आले. नायलॉन रेशमापेक्षा हलके, डॅक्रॉन जड. अक्षर एकच, जाडी एकच, वजन तीन तऱ्हेचे. अक्षरांना अर्थच उरला नाही. तेव्हा १९६०च्या सुमारास अमेरिकेतल्या साहित्य-उत्पादकांच्या संघटनेने ठरवले की जाडी मोजायची नाही, वजन करायचे, आणि तेही फक्त पुढच्या ३० फुटांचे. चार नंबर १२० ग्रेन, पाच १४०, सहा १६०, सात १८५. ग्रेन परका वाटला तरी आपल्या परिचयाचा आहे, कारण जुना तोळा १८० ग्रेनचा होता. पाच नंबरची लाइन म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित जास्त, सात नंबर म्हणजे तोळाभर.

हा निर्णय योग्य होता, असे माझे ठाम मत आहे. वाद आहे तो ३० फुटांवर. काश्मीरच्या लिद्दर किंवा हिमाचलच्या तीर्थन नदीच्या दगडाळ पाण्यात नवशिका १५-२० फुटांपलीकडे क्वचितच फेकतो. तेवढ्या लाइनीचे वजन तक्त्यातल्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास भरते, रॉड वाकतच नाही, आणि बिचाऱ्याला वाटते की चूक आपल्या मनगटाची आहे. ही तक्रार रास्त आहे. त्यावर गेल्या दोन-तीन दशकांत कारखान्यांनी काढलेला उपाय मात्र मला पटत नाही. रॉड कडक होत गेले, मग ते वाकावेत म्हणून लाइन अर्धा नंबर, एक नंबर जड होत गेली, आणि खोक्यावरचा पाच तसाच राहिला. माझ्या एका पाच नंबरी लाइनीचे पहिले ३० फूट मी सराफाच्या काट्यावर ठेवून पाहिले. नऊ ग्रॅमच्या जरा वर काटा थांबायला हवा होता, तो १०.३ वर थांबला. म्हणजे सरळसरळ सहा नंबर. जड लाइन शिकताना मदत करते, हे मी मान्य करतो. मग खोक्यावर सहा छापा.

लाइन आणि माशी यांना जोडणारा बारीक तंतू म्हणजे लीडर. त्याच्या टोकाच्या जाडीचा ‘एक्स’ आणखी चकवतो. पूर्वी ते टोक रेशीमकिड्याच्या रेशीमग्रंथीपासून काढलेल्या तंतूचे असे, तो स्पेनमधून येई आणि गाठ मारण्याआधी भिजवावा लागे. साच्याच्या भोकातून तो जितक्या वेळा ओढून बारीक केला, तितके एक्स. म्हणून इथे आकडा वाढला की जाडी कमी होते, लाइनीच्या अगदी उलट. ११ मधून एक्स वजा केले की इंचाचे हजारांश मिळतात. ५ एक्स म्हणजे सहा हजारांश. आता ते टोक नायलॉनचे किंवा फ्लुरोकार्बनचे असते, पण हिशेब त्या जुन्या तंतूचाच चालतो.

आपल्याकडे या माशीने धरतात तो मासा म्हणजे थंड पाण्यातला ट्राउट. ब्रिटनहून आणलेली त्याची अंडी १९०० साली काश्मीरमध्ये जगली. त्याआधी पाठवलेली वाटेतच मेली होती. निलगिरीत आणि कुल्लूत ट्राउट नंतरच्या दशकात रुजला. मुंबई-पुण्याहून तिकडे जाणारा हौशी माणूस बहुधा बाहेरून आलेला तयार संच विकत घेतो. अलीकडे काही चांगल्या लाइनींच्या खोक्यावर नंबराशेजारी ग्रेन किंवा ग्रॅम छापलेले असतात, आणि घेताना आधी तेच पाहावे. स्वस्त संचांवर मात्र नुसते ‘५/६’ लिहिलेले असते आणि आतल्या लाइनीचे वजन कुठेच नसते.