गाडीतला बंब

न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवलेला असेल, तर डिझेल हीटरचं अर्धं शास्त्र तुम्हाला आधीच ठाऊक आहे. बंबात मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. आग आणि पाणी एकमेकांना शिवत नाहीत. मधला पत्रा तेवढी ऊब पलीकडे पोचवतो. मोटरहोममधल्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीतल्या हीटरमध्ये निखाऱ्यांच्या जागी डिझेलची ज्योत, पाण्याच्या जागी हवा आणि तांब्याच्या जागी पंख्यांसारख्या कडा असलेलं ॲल्युमिनियम.

मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते. शेजारचं एस्लिंगेन गाव या यंत्राच्या इतिहासात दोनदा येतं. असे हीटर बनवणारी एबर्सपेखर ही कंपनी तिथलीच, आणि तसेच हीटर बनवणाऱ्या वेबास्टोची सुरुवातही १९०१ साली तिथेच झाली. विल्हेल्म बायर आणि श्टॉकडॉर्फ हे गाव, यांतली अक्षरं जोडून वेबास्टो हे नाव झालंय. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर नवऱ्याने आणि मी आमच्या व्हॅनमध्ये असा हीटर बसवला. दोन किलोवॉटचा, बुटांच्या खोक्याएवढा.

गाडीत गॅसची शेगडी आहेच, मग हा खटाटोप कशाला, असं आईने फोनवर विचारलं. शेगडीचा धूर दिसत नाही, पण ती खोलीतलाच प्राणवायू खाते आणि पाण्याची वाफ खोलीतच सोडते. इंधन जळलं की त्यातल्या हायड्रोजनचं पाणी होतं. एक लिटर डिझेल जळून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं! ते आत राहिलं तर सकाळी काचांवरून ओघळ वाहतात, गाद्या ओल्या होतात. हीटर मात्र ज्योतीसाठी बाहेरची हवा घेतो आणि धूर, वाफ सगळं बाहेरच टाकतो. आतली हवा वेगळ्या वाटेने येते, तापते आणि परत आत जाते. एका डब्यात दोन वारे, आणि त्यांची गाठ कधीही पडू द्यायची नाही. बसवण्याचं सगळं काम या एका गोष्टीसाठी.

म्हणून गाडीच्या तळाला भोक पाडताना आम्ही फार वेळ घालवला. हीटर आत, पण ज्योतीसाठीच्या हवेची नळी, धुराचा पाइप आणि डिझेलची नळी तिन्ही तळातून थेट खाली. हीटर आणि तळ यांच्यामधलं गॅस्केट, म्हणजे फट बुजवणारी पट्टी, सपाट बसलं पाहिजे, म्हणून वाकडा पत्रा कानशीने घासून घेतला. धुराचा पाइप स्टीलचा आणि भलताच तापतो, त्यामुळे वायरी आणि डिझेलची नळी त्याच्यापासून लांब. पाइपला उतार द्यायचा, सर्वांत खोल जागी बारीक भोक ठेवायचं, म्हणजे साचलेलं पाणी निथळून जातं. पाइपचं तोंड दाराखिडकीखाली नको आणि हवा ओढणाऱ्या नळीच्या जवळही नको.

ही काळजी कार्बन मोनॉक्साइडसाठी. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं उठत नाहीत, ती यामुळेच. हीटर कितीही चांगला बसवलेला असो, या वायूचा अलार्म गाडीत हवाच.

डिझेलचा पंप बोटभर लांबीचा. टिक्-टिक् करत चालतो आणि दर ‘टिक्’ला जेमतेम अर्धा थेंब पुढे ढकलतो. तो तिरका बसवायचा, बाहेर पडणारं तोंड वर, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा अर्धपारदर्शक नळीतून डिझेल इंचाइंचाने सरकताना आम्ही टॉर्चच्या उजेडात पाहत होतो. ते पोचण्याआधीच हीटरने हार मानली. दुसऱ्या वेळी पांढरा धूर आला, मग घरघर, आणि तळव्याला गरम झोत लागला.

विजेकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. चालू असताना हीटर थोडीच वीज घेतो, पण सुरुवातीला डिझेल पेटवणारा आतला ग्लो प्लग लालबुंद व्हायला दोनेक मिनिटं आठ-दहा अँपिअर लागतात. वायर बारीक असेल तर वाटेतच व्होल्टभर दाब पडतो आणि थंडीने मंदावलेल्या बॅटरीवर हीटर पेटतच नाही. बंद करतानाही मेन स्विच ओढायचा नाही. उरलेलं डिझेल जाळून आणि पंखा फिरवून तो स्वतःला थंड करतो, तेवढी मिनिटं त्याला द्यावीत.

उंचावर हवा विरळ. लेहला, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असतो. पंपाने डिझेल तेवढंच टाकलं तर ज्योतीला हवा कमी पडते आणि आत काजळी धरते. लडाखला गाडी नेणाऱ्यांनी उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारा हीटरच घ्यावा. अगदी मंद आचेवर रात्रंदिवस चालवल्यानेही काजळी साचते, म्हणून आम्ही अधूनमधून वीसेक मिनिटं तो पूर्ण जोरात चालवतो.

आणि बर्फ पडत असेल त्या रात्री, निजण्याआधी मी बूट चढवून खाली उतरते, टॉर्च घेऊन गाडीखाली वाकते आणि धुराच्या पाइपापुढचा बर्फ हाताने बाजूला सारते.