डिजिटल शाळांची पार्श्वभूमी: लोकवर्गणीचा निर्णय आणि त्याचे पडसाद

भारतातील शाळांत संगणक आणण्याचा पहिला मोठा शासकीय प्रयत्न 1984 च्या सुमारास ‘क्लास’ प्रकल्पाने झाला. त्यानंतर 2004 साली केंद्राची आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना आली आणि महाराष्ट्रात ती खासगी कंपन्यांशी मुदतीचे करार करून माध्यमिक शाळांत राबवली गेली. करार संपला की संगणक शिक्षकाची नेमणूकही संपत असे.

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची वाट वेगळी होती. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्यासारख्या आदिवासी पाड्यावरच्या शाळेने टॅबलेटवर शिकवून दाखवले, तेव्हा इतर शिक्षकांनाही आपल्या शाळेत हे जमेल असे वाटू लागले. 22 जून 2015 च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने या उत्साहाला दिशा दिली. प्रत्येक मुलाने आपल्या वयाला साजेशी अध्ययन पातळी गाठावी, हे त्याचे उद्दिष्ट होते आणि तंत्रज्ञान हे त्यासाठीचे एक साधन होते. हा क्रम अत्यंत योग्य होता.

वाद झाला तो पैशांवरून. प्रोजेक्टर, टीव्ही, टॅबलेट यांसाठी शाळांनी मुख्यतः लोकसहभागावर विसंबावे, असे धोरण राहिले. ज्या साधनासाठी गावाने वर्गणी दिली त्याची राखणही गाव करते, शिवाय निविदांच्या फेऱ्यांत वर्षे जात नाहीत, हे समर्थकांचे म्हणणे अनुभवाला धरून होते. अनेक गावांत पालक पहिल्यांदाच शाळेच्या कारभारात बरोबरीने बसले, ही या निर्णयाची मोठी कमाई मानावी लागेल. विरोधकांचा आक्षेपही तितकाच गंभीर होता: बागायती गावातून सहज उभी राहणारी रक्कम ऊसतोडीला जाणाऱ्या मजुरांच्या वस्तीतून कोठून यायची, आणि ती उभी राहिली नाही तर शिक्षकाने पदरमोड का करायची? त्यातच आढावा बैठकांत किती शाळा डिजिटल झाल्या हा आकडा पुढे आला आणि मुले काय शिकली हा मूळ प्रश्न मागे पडला. वीजबिल थकल्यामुळे पुरवठा तोडलेल्या शाळाही काही ठिकाणी डिजिटल म्हणून मोजल्या गेल्या, ही या उपक्रमाची सर्वांत दुखरी बाजू आहे.

2017 मध्ये ‘दीक्षा’ हा डिजिटल अभ्याससाहित्याचा राष्ट्रीय मंच आला आणि पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा वर्गणीतून घेतलेले पडदे कुलूपबंद वर्गांत राहिले. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेचा भार मुख्यतः पालकांच्या मोबाइलवर आणि सह्याद्री वाहिनीवरील ‘टिलीमिली’सारख्या मालिकांवर पडला.

2018 पासून केंद्राच्या समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या योजनेत शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान मिळते. वीजबिल, किरकोळ दुरुस्ती आणि बंद पडलेली साधने यांचा खर्च त्याच रकमेतून भागवायचा असल्याने, कमी पटाच्या वाड्या-पाड्यांवरील शाळांच्या वाट्याला त्यातला सर्वांत लहान हिस्सा येतो.