शोधा आणि बदला

शोधा आणि बदला (बोलण्यात 'फाइंड-रिप्लेस') : वर्ड प्रोसेसरमधल्या मजकुरात एखादी अक्षरांची माळ शोधून तिच्या जागी दुसरी घालण्याची सोय. मायक्रोसॉफ्ट वर्ड आणि लिब्रेऑफिस रायटर या दोन्हींत कंट्रोल आणि एच या कळा एकत्र दाबल्या की तिची चौकट उघडते. एका रकान्यात जुना शब्द लिहायचा, दुसऱ्यात नवा. मग एकेक जागा बघत बदल करायचे की एकदम 'रिप्लेस ऑल' मारायचे, एवढेच माणसाने ठरवायचे असते. बहुतेक घोळ तिथेच होतात.

ही सोय घरोघरच्या संगणकांपेक्षा जुनी आहे. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसन यांनी क्यूईडी या मजकूर-संपादकात 'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणजे नमुना देऊन शोधण्याची पद्धत आणली आणि १९६८मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. १९७८च्या वर्डस्टार या वर्ड प्रोसेसरमध्ये शोधून बदलण्यासाठी कंट्रोल-क्यू आणि मग ए दाबावे लागे.

यंत्राला शब्द कळत नाही, चिन्हांचा क्रम कळतो. एखाद्या कथेतल्या 'राम'चा 'श्याम' करायला जावे, तर 'आराम'चा 'आश्याम' होतो, 'घरामागे'चे 'घश्यामागे' होते आणि 'पुरामुळे' वाहून गेलेला पूल 'पुश्यामुळे' वाहून जातो. 'ग्राम'सुद्धा सुटत नाही, कारण त्यात ग, हलन्त आणि पुढे अख्खा 'राम' असतो. त्याचे 'ग्श्याम' होते. इंग्रजीतही हे घडते. याहूच्या ई-मेलमधली एक सुरक्षा-चाळणी काही धोकादायक संगणकी शब्द आपोआप बदलत असे. तिने 'मिडीव्हल' (मध्ययुगीन) या निरुपद्रवी शब्दातला 'इव्हल' काढून 'रिव्ह्यू' घातला आणि 'मेडिरिव्ह्यू' हा नवाच शब्द जन्माला घातला.

यावर इंग्रजीतला उपाय म्हणजे 'होल वर्ड्स ओन्ली', म्हणजे फक्त सुटा, अख्खा शब्द शोधण्याची खूण. मराठीत ती अर्ध्या वाटेवर सोडून देते, कारण मराठीत नाम सहसा एकटे राहत नाही. त्याला प्रत्यय चिकटतो आणि चिकटण्याआधी त्याचे सामान्यरूप होते, म्हणजे नामाचे रूपच बदलते. समजा, एका अहवालात 'शाळा'च्या जागी 'विद्यालय' हवे आहे आणि मजकूर असा आहे : 'शाळा नवी आहे. शाळेत दोनशे मुले आहेत. शाळांना अनुदान मिळते. कार्यशाळा सोमवारी आहे.' सरसकट बदल केला की हाती येते : 'विद्यालय नवी आहे. शाळेत दोनशे मुले आहेत. विद्यालयंना अनुदान मिळते. कार्यविद्यालय सोमवारी आहे.' चार वाक्यांपैकी एकही धड उरत नाही. होल वर्ड्सची खूण केली असती तर फक्त पहिले वाक्य बदलले असते, आणि तेही चुकीचेच, कारण शाळा स्त्रीलिंगी आणि विद्यालय नपुंसकलिंगी.

म्हणून मराठीत एका शब्दासाठी तीन-चार फेऱ्या माराव्या लागतात. आधी कार्यशाळा, प्रयोगशाळा, धर्मशाळा अशी जोडनावे बाजूला ठेवायची. मग 'शाळां'ऐवजी 'विद्यालयां', 'शाळे'ऐवजी 'विद्यालया' आणि शेवटी 'शाळा'ऐवजी 'विद्यालय'. 'शाळा सुरू झाल्या'मधले अनेकवचन आणि 'नवी'चे 'नवे' मात्र डोळ्यांनीच शोधायचे. 'शालेय'ला यातले काहीच लागत नाही. त्यात ळ नसून ल आहे. 'रिप्लेस ऑल'नंतर किती बदल झाले तो आकडा दिसतो. तो वाचल्याशिवाय चौकट बंद करू नये. अंदाज दहाचा आणि आकडा दोनशेचा असेल, तर लगेच कंट्रोल-झेड दाबून बदल मागे घ्यावा.

गावांची नावे बदलली की या सोयीला काम लागते. २०२३मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. जुन्या फाइलींत सरसकट बदल करताना बिहारमधला औरंगाबाद जिल्हाही बदलून जातो, आणि 'औरंगाबादेत'चे 'छत्रपती संभाजीनगरेत' असे काहीतरी होऊन बसते. दुसरा सापळा असा : नुसत्या 'संभाजीनगर'ला 'छत्रपती' जोडण्याची फेरी चुकून दोनदा झाली, तर 'छत्रपती छत्रपती संभाजीनगर' होते. शोधायचा शब्द नव्या शब्दाच्याच पोटात असेल, तर ती फेरी एकदाच मारायची.

कधी शब्द डोळ्यांसमोर असतो आणि यंत्र म्हणते, सापडला नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरे संगणकात साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर आहे. पण काही जण 'अ' लिहून त्यावर चंद्र देतात. 'ॲप' आणि 'अॅप' पडद्यावर सारखेच दिसतात, आतून वेगळे असतात, त्यामुळे एक शोधला की दुसरा बहुधा सुटतो. 'ऱ्या'चेही तेच. कोणी ते नुक्त्याच्या 'ऱ'पासून करतो, तर कोणी साध्या 'र'नंतर न दिसणारे जोडचिन्ह घालून. टंकणारे दोघे असतील तर दोन्ही रूपे शोधावीत. युनिकोडच्या आधीच्या, कृतिदेवसारख्या फॉन्टांत केलेल्या फाइलींत तर मराठी हे केवळ रूप. आत रोमन अक्षरे. तिथे शोधाच्या चौकटीत मराठी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. शब्द फाइलीतून उचलून तिथे चिकटवणे हाच सोपा मार्ग.

न दिसणारी चिन्हे साफ करायला मात्र ही सोय फार उपयोगी पडते. दोन स्पेसच्या जागी एक घालण्याची फेरी एकदा मारून भागत नाही. तीन स्पेस असतील तिथे पहिल्या फेरीनंतर दोन उरतात. आकडा शून्यावर येईपर्यंत मारत राहायचे.

दोन शब्दांची अदलाबदल करायची, तर तिसरी खूण लागते. दाव्याच्या जुन्या मसुद्यात वादी आणि प्रतिवादी यांच्या जागा बदलायच्या आहेत. 'वादी'पासून सुरुवात केली तर 'प्रतिवादी'चा 'प्रतिप्रतिवादी' होतो. आधी 'प्रतिवादी'च्या जागी '###' घालायचे, मग 'वादी'चा 'प्रतिवादी' करायचा आणि शेवटी '###'चा 'वादी'. मसुद्यात कुठे 'राष्ट्रवादी' असेल, तर तो मधल्या फेरीत 'राष्ट्रप्रतिवादी' झालेला असतो.